सणाच्या आत ओर्नेल्ला घरी

१३ नोव्हेंबर, मंगळवार. बेल्लूनो.

निर्णय झाला. उद्या व्हेनिसला जायचं आणि ओर्नेल्लाला घेऊन यायचं. एकवीस तारखेला सालूतेचा सण, व्हेनिसचा मोठा. सणाला बायको बहिणीच्या घरी आणि नवरा डोंगरात एकटा, हे बरं दिसत नाही. शेजारच्या बाई परवा विचारत होत्या, "अजून तिकडेच का हो?" मी म्हणालो, "काम वाढलंय." खोटं नाही. सप्टेंबरात दोन आठवड्यांसाठी गेली होती, कार्निव्हलचे झगे शिवायला बहिणीला, नेरीनाला मदत म्हणून. दोन आठवडे थोडे लांबले. आज दहा झाले.

प्लॅन: उद्या पोचायचं. शुक्रवारपर्यंत समजूत. रविवारी दोघं घरी.

काळजीचं कारण नाही, कारण तिचं शिलाईचं मशीन इथेच आहे. स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. तिच्या आईचं, काळं, सोनेरी फुलांचं. ओर्नेल्ला नवरा विसरेल, ते मशीन विसरणार नाही. मशीन इथे म्हणजे ती इथे.

निघताना दारात उभी राहून तिने बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं. शेवटी विचारलं, "ऐकतोयस ना?" मी "हो" म्हणालो. मुद्दा काय होता तेवढा आठवत नाही.

हीटिंग बंद केलं. दर हिवाळ्यात ती कटकट करायची, बंद करू नकोस, नळ गोठतील. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात होतो. पाण्यातलं मला कुणी शिकवू नये.

१४ नोव्हेंबर, बुधवार. व्हेनिस.

धुकं. जन्माने व्हेनिसकर असल्यामुळे नकाशा घेतला नाही. बोट चुकली नाही. बोटीने मार्ग बदलला असावा. लीदो बेटावर उतरलो. तिथून परत. कास्तेल्लो भागात नेरीनाच्या दुकानी दोन तास उशिरा.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, छतापर्यंत मखमल. मागे दोन पायऱ्या चढून राहायच्या खोल्या. ओर्नेल्ला एका झग्याची किनार टाचत होती. मला बघितलं, बोलली नाही. तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढल्यावरही बोलली नाही, पण तोवर विषय मागे पडला असेल.

नेरीना म्हणाली, "भाऊजी, कळवून तरी यायचं!" आनंदाने माणसं असंच बोलतात.

झोपायची सोय दुकानात, घडीच्या खाटेवर, झग्यांच्या खाली. आत जागा कमी.

१५ नोव्हेंबर, गुरुवार.

समोरच्या खिडकीत तोनीन राहतो. म्हातारा, आयुष्यभर मालाची बोट चालवली, आता दिवसभर खिडकीत बसून गल्ली चालवतो. मला बघून ओरडला, "काय डोंगरवाले, गाई कुणाकडे सोपवून आलात?" मी शांतपणे सांगितलं की माझा जन्म इथला, कास्तेल्लोतला. नऊ वर्षांचा असताना गाव सोडलं.

आतून नेरीना: "चार!"

म्हणजे साधारण बालपण.

"आणि जन्म मेस्त्रेच्या हॉस्पिटलात, पुलाच्या पलीकडे," असंही ती म्हणाली. तोनीन इतका हसला की त्याला ठसका लागला. दुर्लक्ष केलं.

दुपारी नेरीनाने भरतीच्या पाण्याबद्दल लेक्चर दिलं. पाणी अडवायला दारात लावायच्या लोखंडी पत्र्याबद्दल, भोंग्याबद्दल, भोंग्यानंतरच्या सुरांबद्दल. अर्धा तास. मी मान हलवत होतो आणि मनात ओर्नेल्लाशी बोलायचे मुद्दे जुळवत होतो. सारांश: भोंगा वाजतो, पत्रा लावायचा.

मुद्दे पाच झाले. कागदावर उतरवले. उद्या.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार.

बोलणं झालं. फार समाधानकारक.

ती कापत होती, मी कटिंगच्या टेबलाच्या कडेला बसून वाचलं. एक: घर सुनं आहे. दोन: बागेतल्या झाडांवर पाला घालायचा राहिलाय. तीन: माझा पित्ताचा त्रास. चार: लोक विचारतात. पाच: चौतीस वर्षं.

ओर्नेल्ला म्हणाली, "झालं वाचून?"

मी म्हणालो, "झालं."

"मग सरक. कापड तुझ्या खाली आहे."

"नाही" म्हणाली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मी तिला विचारलं की हे उसनं मशीन तुला चालतं का, टाका तर वाकडा पडतोय. ती म्हणाली, "नाही चालत." बघा! मशीनची आठवण येतेय. मुद्दा सहा आपोआप निघाला.

रविवार जरा घाईचा होईल. सोमवारी घरी.

१७ नोव्हेंबर, शनिवार.

सकाळी सहाला ओर्नेल्ला बाहेर पडली. "कामाला जातेय, पलीकडे. संध्याकाळी येईन." मी म्हणालो, मीही येतो. ती म्हणाली, "नको, तू इथेच थांब." कुठे, काय, विचारलं नाही. बायकांना मोकळीक द्यावी लागते.

नेरीना आज माझ्याशी फार गोड वागली. दोनदा कॉफी. "भाऊजी, बिस्किट घ्या." मन वळतंय.

दुपारी बारापासून बोटीच्या धक्क्यावर छत्री घेऊन उभा. तिला बरं वाटावं म्हणून. गारठा असा की नाक आहे की गेलं कळेना. पाच तास उभा राहिलो. एकूण एकोणतीस बोटी.

पाच वाजून दहा मिनिटांनी आली. सोबत हातगाडी, हातगाडीवर लाकडी खोकं, दोरीने बांधलेलं. मला बघून चपापली.

"तू इथे काय करतोयस?"

"वाट बघत होतो."

"कधीपासून?"

"आत्ताच आलो." (मोठेपणा.)

मी खोकं उचलायला गेलो. ती म्हणाली, "हातगाडी आहे ना." मी म्हणालो, "हातगाडी कशाला? मी आहे की!" तिने दोनदा नको म्हटलं. मी खांद्यावर घेतलंसुद्धा. आत काहीतरी लोखंडी, भलतंच जड. चार पूल, प्रत्येकाला पायऱ्या. दुसऱ्या पुलावर पाठीत काहीतरी बोललं. थांबलो नाही. ती रिकामी हातगाडी घेऊन मागून चालत होती, एक शब्द न बोलता. भारावली असणार.

गल्लीत तोनीन: "सावकाश, डोंगरवाले! कालव्यात पडलात तर खोकं काढू, तुमचं बघू नंतर!"

दुकानात टेकवलं आणि विचारलं, "आहे तरी काय यात?"

ओर्नेल्ला म्हणाली, "माझं आहे."

पुढे विचारलं नाही. तिच्या बुटांना बर्फाचा चिखल होता. मेस्त्रेलाही पडला वाटतं या वर्षी, लवकरच म्हणायचा.

जेवताना तिने अचानक विचारलं, "घर कसं ठेवून आलास?"

"एकदम व्यवस्थित."

"हीटिंग?"

"व्यवस्थित."

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. घराची ओढ लपत नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार.

उठता येईना. पाठ धरली. तोनीनने खिडकीतून निदान केलं: "माकडहाड गेलं!" नेरीनाने चर्चला जाता जाता मलमाची ट्यूब फेकली.

मलम ओर्नेल्लाने चोळलं. दहा आठवड्यांनी तिचा हात लागला. तिचे अंगठे पूर्वीसारखेच, बरोबर दुखतं तिथे जातात. ती म्हणाली, "या वयात ते ओझं तू उचलायला नको होतंस, फाउस्तो."

मी म्हणालो, "तुझ्यासाठी काय वाट्टेल ते."

ती उठून हात धुवायला गेली. नळ बराच वेळ सुरू होता.

सोमवार शक्य नाही, पाठ. पण आता घाई करायची गरजच उरली नाही. सण इथे करू आणि जोडीने परत जाऊ. हाच प्लॅन मुळात जास्त चांगला.

१९ नोव्हेंबर, सोमवार.

दक्षिणेचा वारा सुटलाय, दमट, डोकं जड करणारा. पाऊस. कालव्याचं पाणी वरच्या पायरीशी खेळतंय. तोनीनने आपली कुंडी खिडकीतून आत घेतली. गल्लीत बायका एकमेकींना पाण्याचे आकडे सांगतायत. सगळ्यांचे चेहरे ताणलेले. मला गंमत वाटते. पाणी पाण्याच्या जागी येतं आणि जातं.

उद्या दोघी मोठ्या गिऱ्हाइकाकडे माप बघायला जाणार, कालव्यापलीकडे. खालच्या दांडीवर अकरा झगे लटकतायत. गडद लाल मखमल, सोनेरी किनार, ऑक्टोबरपासूनचं काम. दुकान माझ्या भरवशावर. माझ्या!

झोपायच्या आधी ओर्नेल्ला माझ्या खाटेपाशी आली. हळू बोलली. "फाउस्तो, उद्या एकच काम आहे. भोंगा वाजला की नंतरचे सूर मोजायचे. लगेच पत्रा लावायचा. रबर खाली, स्क्रू पान्याने घट्ट. खालचे झगे वरच्या दांडीवर टाकायचे. बस, एवढंच. ऐकतोयस ना?"

मी म्हणालो, "हो."

कालपासून तिने दोनदा माझं नाव घेतलं. त्याचाच विचार करत होतो.

२० नोव्हेंबर, मंगळवार.

७.४०. दोघी गेल्या, मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून. मला ते उगाचच वाटलं.

८.१५. भोंगा. अंगावर काटा आला, कबूल करतो. त्यानंतर चढत जाणारे सूर, एक, दोन, तीन. सुरेल आहेत. मोजले, सांगितल्याप्रमाणे. तीन सूर, म्हणजे तीन तास. सव्वाअकराला पाणी. भरपूर वेळ.

८.३०. तोनीन ओरडतोय, "डोंगरवाले, पत्रा!" हात हलवून सांगितलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे.

९.००. कॉफी. माझी बॅग आणि चांगले बूट कटिंगच्या टेबलावर ठेवले. दूरदृष्टी.

९.५०. पत्रा लावला, दाराच्या खाचेत वरून सरकवला. एका कडेला रबर आहे. ते वर ठेवलं, हाताला कापू नये म्हणून असणार. पाना सापडला नाही, स्क्रू हाताने पिळले. भक्कम.

१०.२०. गल्लीत पाणी, घोट्याच्या वर. शांतपणे येतं, आवाज नाही. पत्रा उत्तम. खालून जरा ओल दिसते, लोखंडाला घाम येतो.

१०.३५. घाम नाही.

१०.४०. बादली.

१०.४५. मोरीच्या भोकातूनही येतंय. फरशीच्या फटीतूनही. जमिनीबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर गुरुवारी.

१०.५० झगे

(पुढचं दुपारी चारला लिहितोय.)

१०.५० ला पाणी पोटरीला लागलं. एका बाजूला अकरा झगे, त्यांचे घोळ पाण्यात उतरायला लागलेले. दुसऱ्या बाजूला जमिनीवर ते खोकं. माणसाला हात दोन. मी विचार केला, झगे गिऱ्हाइकाचे, खोकं तिचं. ती म्हणाली होती, "माझं आहे." दुसऱ्या कशाबद्दलही तिने या आठवड्यात असं म्हटलेलं नाही. खोकं उचललं. पाठ किंचाळली, मीही. खांद्यावर घेऊन उभा राहिलो.

तोनीन खिडकीतून: "अहो टेबलावर ठेवा की ते! आणि झगे उचला!"

पण पत्र्याने दगा दिल्यावर टेबलावर विश्वास कोण ठेवणार? तरंगलं तर? शिवाय टेबलावर माझी बॅग होती.

पाणी गुडघ्याशी आलं. मखमलीचा रंग सुटायला लागला. आधी गुलाबी, मग लाल, सगळी खोली लाल. मी तिथेच, मधोमध. तोनीनचा आवाज हळूहळू बंद झाला. शेवटी तो फक्त बघत होता. माझ्या तोंडून सारखं निघत होतं, "आता उतरेल, आता उतरेल." पाय बधिर झाले. एकदा वाटलं पडतो. मग वाटलं, पडलो तर हे भिजेल. नाही पडलो. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतका अभिमानही.

साडेबाराला पाणी उतरायला लागलं, दोघी आल्या. नेरीनाने दारातून बघितलं, मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. "अकरा... अकराच्या अकरा..."

ओर्नेल्ला सरळ माझ्याकडे आली. झग्यांकडे बघितलंही नाही. खोक्याच्या चारी बाजूंनी हात फिरवला, खालून फिरवला. कोरडं. तिचे डोळे भरून आले.

"ठेव आता, फाउस्तो," ती म्हणाली. "ठेव. झालं."

माझी बॅग तिने स्वतः टेबलावरून काढली आणि दोघांनी मिळून खोकं तिथे ठेवलं. टेबल कोरडं होतं.

"सूर किती वाजले?" तिने विचारलं.

"तीन. मोजले मी."

"आणि?"

"तीन तास."

पायऱ्यांवरून नेरीना ओरडली, "उंची असते ती, भाऊजी! उंची! एक सूर एकशे दहा सेंटिमीटर, तीन म्हणजे एकशे तीस! अर्धा तास कुणाला सांगत होते मी, भिंतीला?"

ओर्नेल्ला म्हणाली, "जाऊ दे, नेरीना. त्याने 'हो' म्हटलं असेल."

माझी बाजू घेतली. बहिणीसमोर.

आता दोघी टबमध्ये मखमल गोड्या पाण्यात खंगाळतायत. मी मदतीला गेलो तर नेरीना म्हणाली, "हात लावू नका." लाल पाणी अजून निघतंय. चार झगे वाचतील म्हणतात. सात नाही. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ओर्नेल्लाचे भरलेले डोळे मी बघितलेत. आजचा दिवस निर्णायक.

२१ नोव्हेंबर, बुधवार. सालूतेचा सण.

ऊन. पाणी असं गुपचूप, जसं काही केलंच नाही. आम्ही तिघं कालव्यावरच्या सणापुरत्या पुलावरून चर्चला गेलो. अफाट गर्दी, सगळं गाव. नेरीना माझ्याशी बोलत नाही, पण सणाला कोण काय बोलणार. तोनीन काठी टेकत आमच्या पुढे होता. त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "फाउस्तो, हात द्या जरा." दिला. तो हळूच म्हणाला, "काल तुम्हाला बघितलं. गाढव आहात. पण उभे राहिलात." कौतुक म्हणायचं.

ओर्नेल्लाने दोन मेणबत्त्या घेतल्या. एक तुझ्यासाठी, एक माझ्यासाठी, म्हणाली. मी म्हटलं, दोघांत एक चालली असती. ती म्हणाली, "नको. दोन." सढळ हात, पहिल्यापासून.

दुपारी सणाचं मटण-कोबीचं सूप. दोनदा घेतलं. ताटं उचलताना ओर्नेल्ला म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीने जा."

"आणि तू?"

"घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात बघ."

"काय आहे?"

"मी बोलून बघितलंय, फाउस्तो. आता तू बघ."

सरप्राइज! मला पुढे पाठवतेय, घर उबदार करायला. म्हणजे शनिवार-रविवारी स्वतः येणार. स्टेशनवर सोडायला येऊ का, असंही म्हणाली. नको म्हणालो, दोनदा दगदग कशाला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार. बेल्लूनो.

गाडी वेळेवर. सगळीकडे बर्फ. वाटेत यादी केली: चादरी बदलणे, बागेतला पाला, मशीनला तेल.

२.००. दार उघडलं तर घर उबदार. हीटिंग मी बंद केलं होतं. केलं होतं ना?

२.१५. खिडकीपाशी मशीनचा लोखंडी स्टँड आहे. वर भोक. चार स्क्रू बशीत काढून ठेवलेत, नीट, एका ओळीत. शेजारी तिची किल्ली. आणि चिठ्ठी. उतरवून घेतो.

"फाउस्तो, शनिवारी आले होते. घर बर्फ झालं होतं, बाथरूमचा नळ गोठला होता. तासभर गरम फडकी लावली, वाचला. हीटिंग बंद करू नकोस. सूप फ्रीजरमध्ये, चार डबे. पित्ताच्या गोळ्या चहाच्या डब्यामागे असतात, नेहमीच असतात. मी परत येणार नाही. नेरीनाबरोबर दुकान चालवणार आहे. जागा झाली की मशीन न्यायला येईन म्हणाले होते, ते नेलं. हे सगळं सप्टेंबरात दारात उभी राहून तुला सांगितलं होतं. तू हो म्हणालास. ओर्नेल्ला."

३.००. चिठ्ठीवर शनिवारची तारीख आहे. पत्रा, भोंगा, झगे, त्यातलं काहीच तेव्हा झालं नव्हतं.

४.३०. शनिवारी ती इथे होती. मी तिकडे धक्क्यावर.

५.१०. नळ ठीक आहे. हीटिंग चालू ठेवलंय. खांदा दुखतोय, उजवा, खोक्याचा कोपरा रुतला होता तिथे. चार पूल होते. तिच्याकडे हातगाडी होती. ती दोनदा नको म्हणाली होती.